नवती, सायला आणि ४१२ झाडं: एका संत्रा बागेच्या नोंदी

११ जून
आज झाडांना नंबर टाकले. तीन एकर, १८ बाय १८ फुटांवरची लागवड. कागदावर ४२० झाडं, मोजली तर ४१२. पत्र्याच्या पट्ट्या कापून त्यावर पेंटने ओळ आणि झाडाचा क्रमांक लिहिला आणि सुतळीने सैल बांधल्या. ७/१४ म्हणजे सातव्या ओळीतलं चौदावं. खोडावरच लिहिणार होतो, पण खोडाला बोर्डो पेस्ट (बुरशीनाशक लेप) लावताना आकडे झाकले जातील हे सालदाराच्या लक्षात आलं, माझ्या नाही.

बाग काकांची, वही माझी. ते सकाळपासून मागे मागे फिरत होते. "जनगणना करून राह्यला का बे?" तसंच समजा म्हटलं.

वरूडकडे झाड पिवळं पडलं की निदानं दोनच होतात: डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग), नाहीतर झिंक कमी. त्याप्रमाणे कृषी केंद्रातून पुडे येतात, झाडाला पडतात, झाड वर्षभर तसंच राहतं आणि पुढच्या वर्षी सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, जास्त निघते. ग्रीनिंगचं नाव कोणी घेत नाही. हा रोग जिवाणूचा आणि तो पसरवतो सायला, ही रस शोषणारी बारीक कीड. या हंगामात तीन गोष्टी करायच्या: सायला मोजायचा, रोगी झाडं शोधायची, सापडली तर काय करायचं ते ठरवायचं. तिसरीचीच धास्ती आहे.

२९ जून
पहिला खरा पाऊस १७ तारखेला झाला. आज नवती, म्हणजे नवी कोवळी फूट, बोटभर आहे. भिंग घेऊन २/६ खाली बसलो.

शेंड्याच्या न उघडलेल्या पानांच्या घडीत अंडी दिसली. बदामाच्या आकाराची, पिवळट, कडेला रोवून ठेवल्यासारखी. खालच्या दोन पानांवर पिलं: चपटी, पिवळसर नारिंगी, मागून पांढऱ्या मेणाच्या वळलेल्या नळ्या निघालेल्या. बोट लावलं की सावकाश सरकतात, घाई नाही. प्रौढ तीन-चार मिलिमीटरचा, पंखांवर तपकिरी ठिपके. डोकं फांदीला टेकवून बूड वर करून बसतो, संत्र्याच्या काट्यासारखा तिरपा. ही बसण्याची ढब एकदा ओळखली की पुन्हा चुकत नाही.

काकांना भिंगातून दाखवलं. "हे तं दरवर्षीच असते." असतेच. कोळशी पानं काळी करते, डोळ्यांना दिसते, म्हणून तिची भीती. सायला काही काळं करत नाही, म्हणून दुर्लक्षित.

मादी अंडी घालते ती फक्त नवतीवर, आयुष्यात आठशेपर्यंत. पिलं कात टाकत पाच अवस्थांतून जातात आणि साधारण दोन आठवड्यांत पंख फुटून उडतात. रोगी झाडावर वाढणारं पिलू रसाबरोबर जिवाणू घेतं आणि कीटक मरेपर्यंत तो त्याच्या अंगात राहतो. म्हणजे एका रोगी झाडाची एक नवती ही पंख फुटलेल्या वाहकांची एक अख्खी तुकडी.

६ जुलै
फवारणी केली. फसली.

जूनमध्ये फांद्यांवरचे डोळे फुगले होते तेव्हाच करायला हवी होती. फवारणीचा एचटीपी पंप दुसऱ्या शिवारात गेला होता, मग फवारणाऱ्यांनी चार दिवस लावले, मग पाऊस. आज उघडीप बघून सुरू केली तोवर पानं वळलेली आणि बरीच पिलं शेवटच्या अवस्थेत. तीन वाजता संपवली, पाच वाजता धो धो पाऊस. औषध, डिझेल आणि चार जणांची मजुरी नाल्यात गेली.

वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं: नवती लांबून दिसली म्हणजे उशीर झालेला असतो.

१८ जुलै
पिलं मोजायला दर वेळी गुडघे टेकावे लागतात, म्हणून प्रौढ मोजायची सोपी रीत सुरू केली. पाटीवर प्लॅस्टिकमध्ये मढवलेला पांढरा कागद, हातात दीड फुटाचा पीव्हीसी पाइपचा तुकडा. पाटी फांदीखाली धरायची, फांदीवर तीनदा टप टप टप, पडेल ते मोजायचं. सायला पडला की क्षणभर थबकतो, मग उडी मारतो. तेवढ्यात मोजून व्हायला हवं. कोळी, मुंग्या, ढालकिडेही पडतात. त्यांचा रकाना वेगळा.

४० झाडांवर मिळून ३१ सायला. त्यातले २२ पश्चिमेच्या दोन ओळींत.

पश्चिमेला धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांधापलीकडे, बंद पडलेली बाग आहे. मालक पुण्याला. ठिबकच्या नळ्या उंदरांनी कुरतडलेल्या, झाडांवर बांडगूळ, खोडांवर पाणसोटांचं रान. पाणसोट म्हणजे बारमाही कोवळा पाला. आमच्या बागेत नवती संपली की सायला तिकडे जातो आणि इकडे फुटली की परत येतो. फवारा आमचा, माहेर त्यांचं.

दुसरा पत्ता घरातच निघाला. विहिरीजवळचा काकूचा कढीपत्ता. तो संत्र्याच्याच कुळातला आणि सायलाला आवडणारा. शेंडे उलटून पाहिले, पिलं होती. काकूला सांगितलं तर म्हणाली, "झाडाले हात लावशीन तं पाह्य." शेवटी तह झाला: दर पंधरा दिवसांनी कोवळे शेंडे ती खुडणार. नाहीतरी फोडणीला लागतातच.

९ ऑगस्ट
आज पानं वाचली. झिंक कमी असलं तर शिरा हिरव्या, मधली जागा पिवळी, आणि मधल्या शिरेच्या दोन्ही बाजू एकमेकीसारख्या. घडी घातली तर डाग जुळावेत तशा. ग्रीनिंगमध्ये डाग जुळत नाहीत. डाव्या अर्ध्यात पिवळा ठिगळ असतो, त्याच्यासमोर उजव्या अर्ध्यात हिरवं. शिरा ओलांडून रंग पसरलेला, जाड, खरबरीत.

बॉलपेनने पानाच्या एका अर्ध्यात गोल काढायचा, बरोबर त्याच्यासमोर दुसऱ्या अर्ध्यात दुसरा गोल, आणि दोन्हींतला रंग ताडून पाहायचा. एवढी साधी युक्ती, पण काकांनाही पटली. तेच पेन खिशाला लावून ते संध्याकाळपर्यंत फिरत होते. १/३ पासून ११/२० पर्यंत त्यांना ९ झाडं संशयित वाटली, मला १४. वहीत दोन्ही यादी लिहिल्या.

मात्र एकाच झाडावर दोन्ही खुणा असू शकतात. ग्रीनिंगने अन्नवाहिन्या तुंबल्या की मुळं उपाशी पडतात आणि झिंकची कमतरताही दिसायला लागते. मग झिंक मारून पान जरा हिरवं झालं की शेतकरी समजतो, निदान बरोबर होतं.

२५ ऑगस्ट
ओट्यावर प्रयोगशाळा. ३० झाडांची पक्की पानं, प्रत्येकी तीन. पॉलिश पेपरचा छोटा तुकडा पानावर वीसेक वेळा घासायचा, तो हिरवा झालेला कागद प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत चमचाभर पाण्यात चोळायचा आणि औषधाच्या दुकानातून आणलेल्या टिंक्चर आयोडीनचे थेंब टाकायचे. रोगी झाडाच्या पानात तयार झालेलं अन्न खाली उतरत नाही, स्टार्च होऊन तिथेच साचतं. स्टार्चला आयोडीन लागलं की काळपट निळं. निरोगी पानाचं पाणी पिवळट तपकिरीच राहतं.

११ झाडांचं पाणी काळं झालं. काकूने विचारलं, "शाई हाय का रे हे?" तिची वरणाची पळी मी पिशव्या ढवळायला घेतली होती, ती तिने उचलून घेतली आणि पुन्हा दिली नाही.

फार खूश व्हायचं कारण नाही. अन्नवाहिनी कशानेही अडली तरी स्टार्च साचतो. ११ पैकी तिघांच्या बुंध्याला डिंक्याच्या जखमा आहेत आणि ४/९ च्या फांदीत कुंपणाची जुनी तार रुतलेली निघाली. ही चाचणी चाळणी आहे, निकाल नव्हे.

१२ सप्टेंबर
पीसीआरसाठी, म्हणजे जिवाणूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीसाठी, १२ नमुने काढले. काळे पडलेले ११ आणि तुलनेसाठी एक धडधाकट झाड. ते काकांनी निवडलं: ७/१४, बागेतलं सगळ्यात देखणं, दरवर्षी फांद्यांना बांबूचे टेकू लावावे लागतात असं. प्रत्येक झाडाच्या चारही दिशांनी देठासकट पानं, कागदात गुंडाळून पिशवीत, पिशव्या बर्फाच्या डब्यात. जिवाणू अन्नवाहिन्यांत राहतो, म्हणून प्रयोगशाळा पानाचं पातं कापून टाकते आणि देठ न् मधली शीर घेते. नागपूरची सकाळची एसटी धरली.

या जिवाणूच्या नावाआधी 'कॅन्डिडॅटस' लागतं. काचेच्या बशीत तो शुद्ध रूपात वाढवता येत नाही, म्हणून नावाला ही शेपटी पुढून जोडलेली. 'कॅन्डिडॅटस लिबेरीबॅक्टर एशियाटिकस'. सुरुवातीला हा विषाणूच समजला गेला होता, जिवाणू आहे हे १९७० नंतर कळत गेलं. पण वाहक सायलाच आहे हे भारतात त्याआधीच सिद्ध झालं होतं, तेही आपल्या पुण्यात. कपूर, राव आणि विश्वनाथ यांनी ते १९६७ साली छापलं. पुण्याला कळून इतकी वर्षं झाली आणि आमच्या कृषी केंद्राच्या काउंटरवर अजून झिंकचाच पुडा.

३ ऑक्टोबर
निकाल आला. १२ पैकी ७ बाधित. काळ्या पडलेल्या ११ मधले ६. आणि सातवं ७/१४.

दोनदा वाचलं, मग प्रयोगशाळेला फोन करून नंबर पडताळले. अदलाबदल नाही. लागण झाल्यापासून खुणा दिसेपर्यंत काही महिने ते दोन-तीन वर्षंही जातात. तोवर झाड हिरवंगार असतं, फळं देतं आणि सायलाला जिवाणूही देतं.

मग बागेचा नकाशा काढून सात ठिपके लावले. दोन पश्चिमेच्या धुऱ्याला, ते अपेक्षितच. चार ठिपके विखुरलेले: २/६, ५/११, ७/१५, ९/४. विखुरलेले का, हे कळायला अर्धा तास लागला. काकांच्या जुन्या डायरीत सापडलं. चार वर्षांपूर्वी मर झालेल्या जागी कलमं आणून नांगे भरले होते, ती हीच झाडं. रस्त्याकडेच्या एका रोपवाटिकेतून, उघड्यावर वाढवलेली, पाच रुपये कमी म्हणून. कलमाचा डोळा कोणत्या झाडाचा होता, कोणी विचारलं नाही. ७/१४ हे ७/१५ च्या शेजारचं.

म्हणजे रोग आम्ही स्वतः पैसे देऊन आणला आणि सायलाने तो शेजारी पोचवला. शेंदुरजनाघाटची कलमं देशभर जातात, त्यांच्याबरोबर आणखी काय काय जात असेल, हा विचार करत बसलो होतो.

काकांना निकाल दाखवला. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी ७/१४ जवळ उभे होते.

२० ऑक्टोबर
तीन दिवस घरात एकच विषय. झाडं काढायची की नाही.

काकांचं म्हणणं सरळ आहे: "फळं लागून हायेत. बाग व्यापाऱ्याले ठोक्यानं देल्ली. आता झाड तोडू तं तो पैसे कापीन." त्यात खोटं काही नाही. औषध नाही का, हाही त्यांचा प्रश्न. फ्लोरिडात २०२२ पासून खोडात ऑक्सिटेट्रासायक्लीन टोचायला परवानगी आहे. त्याने झाड सावरतं, बरं होत नाही, आणि पुन्हा पुन्हा टोचावं लागतं. फ्लोरिडाचेच आकडे त्यांना दाखवले. सायला तिथे १९९८ मध्ये सापडला, रोग २००५ मध्ये. २००३-०४ च्या हंगामात २४ कोटी पेट्या संत्री निघाली होती, २०२२-२३ मध्ये दोन कोटींच्याही आत. एकेका पेटीत ४० किलोच्या वर माल.

"ते अमेरिका हाय," काका म्हणाले. मग थोड्या वेळाने, "अन् आपल्याले लोक विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हन्तात." त्या खऱ्या कॅलिफोर्नियात रोग पहिल्यांदा सापडला २०१२ साली, लॉस एंजेलिसजवळ, एका घराच्या परसातल्या झाडावर. त्याच्यावरही कलमं बांधलेली होती. हे ऐकून ते हसले, आठवड्यात पहिल्यांदा.

ठरलं ते असं: आंबियाचा (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या बहराचा) तोडा होईपर्यंत सातही झाडं उभी राहतील, पण दर आठवड्याला टपटप मोजणी आणि नवती दिसली की त्या झाडांवर आणि भोवतीच्या आठांवर फवारा. तोड्याच्या दुसऱ्या दिवशी झाडं काढायची. पुस्तकाप्रमाणे हे चूक आहे. बाधित झाड सापडलं की लगेच काढायला हवं. पण पुस्तकाला सौद्याची इसार परत करावी लागत नाही.

१४ नोव्हेंबर
तोडा. २/६ ची फळं वेगळ्या क्रेटमध्ये ठेवायला सांगितली. लिंबाएवढी, एका बाजूला कललेली. चांगलं संत्रं बुडाकडून रंगत येतं, यांचा रंग देठाकडे आलेला आणि बूड हिरवं. मधोमध उभं कापलं तर गाभा सरळ नाही, वाकलेला, आणि बियांमधल्या बऱ्याच काळपट, पोचट. चव घेतली, आंबट आणि मागून कडसर.

७/१४ ची फळं मात्र छान होती. शंभरातली चार-पाच वाकडी, ती कोणाच्या लक्षातही आली नसती. व्यापाऱ्याच्या माणसाने तीच वर रचली.

१६ नोव्हेंबर
तोडा आणखी एक दिवस लांबला. आज झाडं काढली.

आधी सातही झाडांवर फवारा. न फवारता झाड पाडलं की त्यावरचा सायला उठतो आणि शेजारच्या झाडावर जातो, जिवाणूसकट. दुसरी गोष्ट बुंध्याची. नुसतं करवतीने कापलं तर खालून फुटवे येतात, कोवळे, बाधित, सायलाला आमंत्रण. म्हणून जेसीबीने मुळासकट उपटली. एका झाडाला दहा मिनिटं. ७/१४ च्या वेळी काका विहिरीवर मोटर बघायला गेले. मोटर चालू नव्हती.

सात खड्डे उन्हात उघडे सोडले आहेत.

१५ डिसेंबर
बाग ताणावर सोडली, पाणी बंद. आंबियासाठी हे दरवर्षीचंच, पण सायलाच्या हिशेबात हे आठवडे सोन्याचे आहेत. नवती नाही म्हणजे अंडी नाहीत, पिलं नाहीत, फक्त प्रौढ जीव धरून बसलेले. आता मारलेला एक प्रौढ म्हणजे फेब्रुवारीतली शेकडो पिलं नाहीत. मात्र हे एकट्याने करून उपयोग नाही. सगळ्यांनी एकाच आठवड्यात मारलं तर सायलाला पळायला जागा राहत नाही.

रात्री हनुमान मंदिराच्या पारावर बैठक. धुऱ्याला धुरा असलेल्या नऊ बागा, सात जण आले. बॉलपेनची युक्ती आणि २/६ ची वाकडी संत्री नेली होती. भाषणापेक्षा संत्र्यांनी काम केलं. एकाने कापून पाहिलं आणि म्हणाला, "अशी तं माह्याही बागेत निंगतात, मी समजत होतो का खत कमी पडलं." पाच जण तयार झाले. एक म्हणाला, तुमचं पाहून पुढच्या वर्षी. एकाला दर परवडत नाही, त्याचं खरं आहे. नवव्याचा, म्हणजे पुण्याच्या मालकाचा, फोन लागला नाही.

२३ डिसेंबर
पाच आणि आमची सहावी, अशा सहा बागांत तीन दिवसांत फवारा पूर्ण. जुलैमध्ये जे औषध वापरलं त्याच्या गटातलं यावेळी टाळलं. एकाच गटातलं लागोपाठ मारलं की सायला सोकावतो.

पुण्याच्या मालकाशी अखेर बोलणं झालं. माणूस भला आहे, बाग वाटणीच्या वादात अडकली आहे, खर्च करायला कोणी तयार नाही. म्हणाले, "पाणसोट काढा, माझी हरकत नाही. झाडं मात्र पाडू नका, कोर्टात दाखवायची आहेत." मजुरी आमची. दोन मजूर, दोन दिवस, ट्रॉलीभर पाणसोट. जाळले.

३१ जानेवारी
१४ तारखेला ताण तोडला, पाणी सुरू केलं. डोळे फुगले आहेत, काही ठिकाणी हिरवं टोक. यावेळी पंप आठवडाभर आधीच सांगून ठेवला होता. कालपासून फवारा, आज संपला. पाऊस नाही.

आंबियाची अडचण अशी की नवती आणि फुलं बरोबरच येतात. फुलं उमलल्यावर कडक औषध मारलं तर मधमाश्या मरतात आणि फळधारणेला आपणच मुकतो. म्हणून जे काय ते कळी उमलायच्या आत. पुढे गरज पडलीच तर निंबोळी तेल, लिटरला १० मिली, तेही संध्याकाळी माश्या परतल्यावर.

२० फेब्रुवारी
बाग फुलली आहे. वास घरापर्यंत येतो.

४० झाडांवर टपटप: ६ सायला. जुलैत ३१ होते. हंगाम वेगळा, बागेत सात झाडं कमी, तेव्हा दोन्ही आकडे शेजारी ठेवून फार काही म्हणता येणार नाही, पण सहाच आहेत.

पश्चिमेच्या ओळीत एका शेंड्यावर काहीतरी वेगळं. पिलं पानाला चिकटून बसलेली, तपकिरी, सुकून कडक. भिंगाखाली पाहिलं तर डोक्याच्या मागे गोल भोक. हे टॅमॅरिक्सियाचं काम, चिमुकली गांधीलमाशी. ती पिलाच्या पोटाखाली अंडं घालते, तिची अळी पिलाला पोखरते आणि माशी होऊन पाठीतून बाहेर पडते. या माशीचं शास्त्रीय वर्णन १९२२ मधलं, लायलपूरच्या म्हणजे आजच्या पाकिस्तानातल्या फैसलाबादच्या नमुन्यांवरून केलेलं. तिला इथे कोणी आणून सोडलेलं नाही, ती आपल्याकडचीच. अशा दहा सुकलेल्या पिलांत सातांना भोकं. त्या दोन ओळींना निंबोळी तेलही मारायचं नाही असं ठरवलं.

काकांना पटलं नाही. "फुकटची माशी अन् फुकटचा भरोसा." तरी ऐकलं.

२ मार्च
सात कलमांची आगाऊ नोंदणी केली, पावसाळ्यात लावायची. यावेळी रोपवाटिकेत आत जाऊन पाहिलं: कीडरोधक जाळी, दुहेरी दार, पिशव्या जमिनीवर नाहीत, मातृवृक्षांच्या तपासणीचा कागद मागितला तर दाखवला. खुंट, म्हणजे ज्यावर डोळा भरतात ते खालचं रोप, रंगपूर लिंबू. दर जास्त. काकांनी न घासाघीस करता पैसे दिले, आणि खुंटाजवळ डोळा कुठे भरलाय ते स्वतःच्या बोटाने चाचपून पाहिलं.

४ मार्च
सकाळी मोजणी, ओळ ७. ७/१३: नवती तीन इंच, सायला ०, पिलं दिसली नाहीत. मात्र खोडावर मुंग्यांची रांग, वर जाणारी. मुंग्या उगाच चढत नाहीत. सायलाच्या पिलांमधून गोड पाझर निघतो, त्यासाठी त्या येतात आणि टॅमॅरिक्सियाला हुसकावतात. वरच्या फांद्यांपर्यंत हात पोचला नाही. उद्या शिडी घेऊन यायचं.